घरच्या मुरुमाच्या रस्त्यासाठी लोखंडी फळी: मे ते जुलै २०२५

४ मे, रविवार

आज टेप घेऊन रस्ता मोजला. डांबरी सोडल्यापासून आमच्या ओट्यापर्यंत २८० मीटर, रुंदी कुठं दहा फूट तर कुठं नऊ. जुन्नर तालुक्याच्या पूर्व बाजूला आमचं शेत, कालव्याच्या पाण्यावर टोमॅटो असतो आणि तो याच रस्त्यानं पिकअपमधून नारायणगावच्या बाजारात जातो. वीस किलोचं क्रेट, एका गाडीत शंभराच्या वर क्रेट, आणि डांबरीला लागेपर्यंतच खालच्या थरातला माल दबलेला असतो. दादांना मणक्याचा त्रास आहे, ते आता स्कूटीवर मागं बसून यायलाच नको म्हणतात, डांबरीवर उतरतात आणि चालत येतात. बहात्तर वर्षांचा माणूस उन्हात २८० मीटर चालतो ते मला बघवत नाही. हे काम मुख्य म्हणजे त्यासाठी काढलंय.

दरवर्षी आम्ही एकच उपाय करत आलो, मुरूम टाकायचा. पाच सेंटीमीटरचा थर टाकायचा म्हटलं तरी ४२ घनमीटर होतो, म्हणजे जवळपास १५ ब्रास. दिवाळीनंतर टाकायचा, जेसीबीवाल्याकडून पसरून घ्यायचा आणि पुढच्या श्रावणापर्यंत परत तेच खड्डे त्याच जागी. खड्डे त्याच जागी का येतात हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता, आज वहीत नकाशा काढताना पडला.

नकाशात तीन प्रकारची खराबी दिसते. डांबरीपासून पहिले ६० मीटर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा आहेत, कारण तिथं सगळे वेगात येतात. मध्ये चिंचेपाशी खड्डे. आणि घराच्या चढाला दोन खोल चाकोऱ्या, पावसात त्यांच्यातून ओढ्यासारखं पाणी वाहतं.

६ मे

लाटा मोजल्या. एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंत २२ इंच, कुठं २३. आधी मला वाटायचं की हे खराब शॉकॲब्सॉर्बरच्या गाड्यांमुळं होतं, पण तसं नाही. २००७ मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर साधं चाक ठेवून बघितलं होतं, स्प्रिंग नसलेल्या चाकानंसुद्धा लाटा तयार झाल्या, फक्त एका ठरावीक वेगाच्या खाली त्या येत नाहीत. म्हणजे सुट्या मालावर चाक वेगात गेलं की लाटा येणारच. त्या घालवायच्या तर उंचवटे खरवडून खड्ड्यात भरून भागत नाही, लाटेच्या तळापर्यंत सगळं सैल करून परत बसवावं लागतं, नाहीतर खालचा कडक साचा तसाच राहतो आणि आठवड्यात लाटा वर येतात.

ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करायचं मोठं यंत्र, भाड्यानं आणणं आम्हाला परवडत नाही आणि इतक्याशा कामाला कुणी येतही नाही. पण घरी २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आहे. त्याच्या मागं ओढायची एक लोखंडी फळी करायची ठरवलंय. पेरणीआधी ढेकळं फोडायला बैलाची फळी मारायचे तीच कल्पना, फक्त लाकडाच्या जागी लोखंडी चॅनेल आणि खाली कुळवाच्या फासेसारखं पातं.

१० मे, शनिवार

नारायणगावला भंगारात गेलो. १०० बाय ५० मिलीमीटरचा जुना चॅनेल मिळाला, गंज वरवरचा आहे, सरळ आहे. २४ फूट घेतला, वजन भरलं ६९ किलो, ४५ रुपये किलोनं ३,१०५ रुपये. पात्यासाठी ट्रकच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, दोन लांब पाटे घेतले, त्याचे वेगळे ७०० दिले. साखळी घरात होती.

आराखडा असा: बाजूला चार-चार फुटांच्या दोन घसरपट्ट्या, त्यांच्या मध्ये पाच फुटांचे तीन आडवे बार, दोन-दोन फुटांवर. पुढच्या आणि मधल्या बारला पातं, मागचा बार नुसता सपाट, माल बसवायला. पातं घसरपट्टीच्या खाली बारा मिलीमीटर काढायचं म्हणजे एका वेळी त्याहून जास्त खोल जाणार नाही.

११ मे

शेतीची थ्री फेज लाइट या आठवड्यात रात्रीची आहे, त्यामुळं वेल्डिंग रात्री अकरानंतर. पुतण्या बॅटरी धरून उभा होता, त्याला काच दिली आणि काचेशिवाय बघायचं नाही असं दोनदा सांगितलं. चौकट कोपऱ्यात गुण्यानं तपासली, मग दोन्ही कर्ण मोजले, पाव इंचाचा फरक होता तो घणानं काढला. आधी सगळीकडं नुसते टाके मारून घेतले हे बरं केलं, पूर्ण वेल्ड मारल्यावर चौकट ओढली जाते आणि मग सरळ होत नाही.

कमानीचे पाटे मात्र सरळ चॅनेलला वेल्ड केले आणि ते चुकलं. थंड झाल्यावर घणाचा एक हलका ठोका मारला तर वेल्डच्या कडेनंच तडा गेला. स्प्रिंगचं पोलाद कार्बन जास्त असलेलं असतं, वेल्डच्या शेजारचा भाग झटक्यात थंड होऊन काचेसारखा ठिसूळ होतो. दुसरा पाटा तरी वाचला.

१३ मे

गावच्या लोहारकाकांकडं गेलो. त्यांनी तुटलेला पाटा बघितला आणि म्हणाले, "अरे बाळा, ह्याला डाग द्यायचा नसतो, ह्याला बोल्टानं धरायचं." मग दोन्ही पाटे भट्टीत घालून लाल केले, ऐरणीवर ठोकून कमान काढून सरळ केले आणि लाल असतानाच सुंब्यानं भोकं पाडली. माझं ड्रिल त्या पोलादावर दोन मिनिटांत निळं पडलं होतं, आणि काकांचं एकेक भोक तीन ठोक्यांत. तुटलेल्या पाट्याचे दोन तुकडे झाले होते, ते शेजारी शेजारी बसतील अशी भोकं मारून दिली. म्हणाले की पातं झिजलं की उलटं करून लाव, दोन्ही कडा वापरता येतात. मजुरी ४०० सांगितली, मी ५०० दिले. ह्या माणसाकडं आता आठवड्याला दोन-तीन फाळ शेवटायला येतात तेवढेच, आणि त्यांच्या हातात जे आहे ते शिकायला घरचं कुणी नाही याचं मला फार वाईट वाटलं.

१७ मे, शनिवार

बारा मिलीमीटरचे बोल्ट, प्रत्येक पात्याला पाच, खाली स्प्रिंग वॉशर. पुढच्या बारला दोन कड्या, त्यातून साखळी, साखळी ड्रॉबारच्या पिनेला. फळी तयार. पाती धरून वजन ९० किलोच्या आसपास असेल.

१८ मे, रविवार

तीन दिवसांपूर्वी वळवाचा पाऊस झाला होता, मुरूम अजून आतून ओला. सकाळी साडेसहाला सुरुवात केली. पहिल्या फेरीत फळी लाटांवरून नुसती वाजत गेली, काही कापलं नाही. मग वर वाळूच्या दोन गोण्या ठेवल्या. आता कापायला लागली पण मऊ जागा आली की पुढचं पातं आत घुसायचं आणि ट्रॅक्टर दबायचा, सुटला की फळी उडी मारायची, म्हणजे जुन्या लाटा काढताना मीच नव्या करत होतो. गोण्या काढल्या. त्याऐवजी साखळी लांब केली. साखळी आखूड असली की ओढ वरच्या दिशेनं जाते आणि फळीचं नाक उचललं जातं, लांब केली की ओढ जमिनीला समांतर होते आणि पातं आपल्याच वजनानं चावतं. तीन फुटांची पाच फूट केली आणि गोण्यांशिवाय काम व्हायला लागलं.

मुलं फळीवर बसायला मागत होती. बैलाच्या फळीवर माणूस उभा राहायचाच, मी स्वतः लहानपणी दादांच्या पायांना धरून बसलोय. पण ट्रॅक्टरच्या मागं नाही, साखळी तुटली किंवा दगडाला अडकून फळी उलटली तर माणूस खाली जातो. घरात सगळ्यांना स्पष्ट सांगितलंय, फळीवर कुणीही बसायचं नाही, मीसुद्धा नाही.

दहा वाजेपर्यंत रस्ता खळ्यासारखा सपाट झाला. संध्याकाळी दादांना स्कूटीवर डांबरीपर्यंत नेऊन आणलं. काही बोलले नाहीत, पण उतरताना कंबरेला हात लावला नाही.

२७ मे

यंदा पाऊस सगळ्यांच्या आधी आला. काल, २६ तारखेला, मान्सून मुंबई-पुण्यापर्यंत पोचला, रोहिणी नक्षत्र नुकतं लागलंय आणि ओढे वाहतायत. वीस तारखेपासून आमच्याकडं रोज पाऊस आहे. रस्त्याची अवस्था एप्रिलपेक्षा वाईट झालीय, हे लिहिताना जीव तुटतो. मी जो खळ्यासारखा सपाट केला होता त्यावर पाणी खळ्यासारखंच साचलं, साचलेल्या पाण्यात पिकअप गेली, चाकांनी बारीक माती पाण्याबरोबर बाहेर उडवली आणि नुसती खडी राहिली. खडीत बारीक माल नसला की ती धरत नाही, पायाखालून सरकते.

आज छत्री घेऊन भर पावसात तासभर रस्त्यावर उभा राहिलो, पाणी कुठून येतं आणि कुठं थांबतं ते बघत. वहीतल्या नकाशावर खुणा केल्या. ४ तारखेला लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: खड्डे चाकांनी पडत नाहीत, जिथं पाणी थांबतं तिथं ते चाक नुसतं पुरं करतं. आम्ही दरवर्षी १५ ब्रास मुरूम त्या थांबलेल्या पाण्यावर टाकत होतो. रस्ता सपाट करायचा नव्हता, कासवाच्या पाठीसारखा करायचा होता.

३० मे

पाऊस चालू, बाहेर काम नाही, म्हणून वाचत बसलो. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात डी. वॉर्ड किंग नावाचा एक शेतकरी होता, त्यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मातीच्या रस्त्यासाठी अगदी साधं अवजार काढलं: ओंडका मधोमध उभा चिरायचा, दोन्ही फळ्या कडेवर उभ्या करून एकामागं एक साधारण अडीच फुटांवर जोडायच्या आणि घोड्यांनी तिरक्या ओढायच्या. १९०८ साली तिथल्या कृषी खात्यानं त्यावर शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढली. त्याचं म्हणणं इतकंच की पाऊस झाला की रस्ता पूर्ण वाळायच्या आत तिरकी फळी ओढा, दरवेळी थोडा माल कडेचा मध्ये येईल, आणि हे वर्षभर करत राहा. म्हणजे एकदाच मोठं काम नाही, प्रत्येक पावसानंतर थोडं थोडं.

माझी चूक त्यात लख्ख दिसली. माझ्या फळीच्या दोन्ही बाजूंना घसरपट्ट्या आहेत, त्यामुळं कापलेला माल चौकटीच्या आत कोंडला जातो आणि पुढंपुढं जात राहतो, बाजूला सरकूच शकत नाही. बारची टोकं मोकळी पाहिजेत.

आणि अजून एक. माझे बार २४ इंचांवर, लाटा २२ इंचांच्या. पुढचं पातं खळग्यात उतरलं की मधलंही खळग्यातच उतरतं, म्हणून पहिल्या फेरीत फळी लाटांच्या तालावर नाचली. अंतर लाटेच्या दीडपट, म्हणजे ३३ इंच ठेवलं तर एक खळग्यात असताना दुसरं उंचवट्यावर असेल.

३ जून

पाऊस उघडला. चौकट ग्राइंडरनं सोडवली, नवीन डिस्क दोन गेल्या. आता फक्त दोन आडवे बार, ३३ इंचांवर, दोघांनाही पातं. चार फुटांच्या घसरपट्ट्या बाजूला न ठेवता बारच्या वर ठेवून वेल्ड केल्या, टोकापासून आठ-आठ इंच आत, म्हणजे बारची टोकं मोकळी आणि माल बाहेर पडायला वाट. पुढच्या बारचं पातं अर्धा इंच खाली काढलंय, मागच्याचं बारच्या बरोबरीला ठेवलंय, मागचा बार टेकू देतो म्हणून पुढचा फार घुसत नाही. तिसरा बार उरला तो वर आडवा बोल्टानं बसवला, वजन तेवढंच राहिलं आणि मागंपुढं सरकवता येतो.

५ जून

पाण्याची दुसरी बाजू. चिंचेपाशी जे पाणी थांबतं ते आमच्या रस्त्याचं नाहीच, ते वरच्या अंगाला शेजारच्या अण्णांच्या वावरातून बांध फोडून येतं. हा विषय दोन्ही घरांत जुना आहे आणि नाजूकही, त्यामुळं मी नकाशा घेऊनच गेलो. म्हटलं, "अण्णा, भांडायला नाही आलो, पाणी कुठून जावं ते तुम्हीच सांगा." त्यांनी बराच वेळ नकाशा बघितला, मग चपला घालून माझ्याबरोबर आले आणि रस्त्याखालची पाणी जायची जुनी मोरी दाखवली, त्यांच्या वडलांच्या काळातली, गाळानं पूर्ण बुजलेली, मला तर ती आहे हेच माहीत नव्हतं. दोघांनी मिळून दुपारपर्यंत टिकाव-फावड्यानं उकरली. नऊ इंची सिमेंटचा पाइप आहे, आत फुटलेला नाही. वरच्या अंगानं रस्त्याला धरून फूटभर रुंद चर काढला आणि मोरीला जोडला.

७ जून, शनिवार

फळी मारायची वेळ मुठीनं ठरवायची. मुरूम मुठीत दाबला की लाडू झाला पाहिजे आणि तळहाताला चिकटता कामा नये. चिकटला तर फळी लोणी लावल्यासारखा चिखल पसरते, लाडूच झाला नाही तर नुसती धूळ उडते आणि माल बसत नाही. काल सकाळी चिकटत होता, आज सकाळी बरोबर होता.

डावी साखळी उजवीपेक्षा दीड फूट आखूड केली. पहिल्यांदा उलटी लावली होती, उजवी आखूड, आणि वीस मीटर जाईपर्यंत मागं बघितलं तर सगळा चांगला माल कडेला, परवा काढलेल्या चरात पडत होता. थांबून बदलली, चर परत साफ केला. जे टोक पुढं असतं तिथून माल मागच्या टोकाकडं सरकतो. आपण डाव्या बाजूनं चालतो, डावीकडं रस्त्याची कड, उजवीकडं मध्य, म्हणून डावं टोक पुढं. परत येताना दुसऱ्या कडेनं यायचं, तीही आपल्या डावीकडंच येते, त्यामुळं साखळीला परत हात लावावा लागत नाही.

तिरकी धरल्यावर पाच फुटांची फळी सव्वाचार फुटांच्या आसपास रुंदी घेते, म्हणजे अर्ध्या रस्त्याला दोन फेऱ्या. लो सेकंड गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं. वेग वाढवायचा मोह होतो पण वाढवला की फळी तरंगते. लाटांच्या पट्ट्यात आठ फेऱ्या लागल्या, सहाव्या फेरीला तळाचा साचा सुटला आणि आवाज बदलला, खडखडाट जाऊन एकसारखी घरघर. तो आवाज ऐकून फार बरं वाटलं.

चढावरच्या चाकोऱ्यांना फळी पुरली नाही, त्या खोल आहेत. त्यांच्यात दोन ब्रास मुरूम, थोडी कच मिसळून, हातानं भरला, पाणी मारलं, ट्रॅक्टरचं चाक फिरवून दाबला आणि मग वरून फळी. यंदाचा विकत घेतलेला मुरूम एवढाच.

८ जून

आज मृग लागतोय. सुतळी ताणून आणि गवंड्याकडची लेव्हल ट्यूब आणून मध्य तपासला. दहा फुटी रस्त्याला कडेपेक्षा मध्य अडीच इंच उंच पाहिजे, म्हणजे चार टक्के उतार. डांबराला इतका लागत नाही, पण मुरुमावर पाणी अडखळत जातं म्हणून जास्त ठेवायचा. आमचा सध्या दीड ते पावणेदोन इंच आलाय, चिंचेपाशी एकच. एका दिवसात जेवढं होतं तेवढं झालं, उरलेलं पुढच्या फेऱ्यांना येईल.

१९ जून

पाच दिवस पाऊस, मग एक दिवस उघडीप. मूठ बघितली आणि चार फेऱ्या मारल्या, चाळीस मिनिटं, दीड लिटर डिझेल. मध्य दोन इंचांवर आलाय. एक बोल्ट सैल झाला होता, प्रत्येक वेळी आधी पान्हा फिरवायचा हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

२९ जून

परत चार फेऱ्या. कडेला गवत यायला लागलंय, ते पात्यात अडकून माल अडवतं, आईनं आणि वहिनीनं विळ्यानं कापून दिलं. मुळं राहू दिली, चराची कड ती धरून ठेवतात.

अण्णांचा मुलगा फळी मागायला आला होता, त्यांच्या खळ्याकडच्या वाटेसाठी. दिली, पण आधी त्याच्याबरोबर एक फेरी मारून साखळी कशी बदलायची ते दाखवलं, कारण त्यांचा उतार एकाच बाजूला आहे, तिथं मध्य उंच करून चालणार नाही.

१३ जुलै, रविवार

आषाढी झाली, पहिल्या तोड्याचा माल या आठवड्यात गेला. शुक्रवारच्या गाडीत ११० क्रेट होते, बाजारात खालच्या थरातलं क्रेट उघडून बघितलं, दबलेले टोमॅटो सहा-सात निघाले. मागच्या वर्षी ह्याच दिवसांत एकेका क्रेटमधून दीड-दोन किलो बाजूला काढावा लागायचा.

रात्री जोराचा पाऊस झाला, सकाळी परत छत्री घेऊन रस्त्यावर. पाणी मधून दोन्हीकडं जाताना दिसतं, वरच्या अंगाचं चरात, चरातून मोरीत. चढाच्या चाकोऱ्या परत उघडल्या नाहीत. चिंचेपाशी मात्र अजून हातभर रुंदीचं डबकं आहे, तिथं मध्य पावणेदोनच्या वर जात नाही, कारण झाडाचं एक मूळ वर आलंय आणि फळी त्याच्यावरून उचलली जाते. मूळ तोडायचं नाही असं दादा म्हणतात, चिंच त्यांच्या आजोबांनी लावलेली. तेव्हा तिथं अर्धा ब्रास मुरूम हातानं चढवून मूळ खाली घ्यायचं. पुढचं पातंही एका कडेनं गोल झालंय, उघडीप मिळाली की उलटं करून लावायचं.

दादा सकाळी दुधाची किटली घेऊन स्कूटीवर मागं बसले.